विषाणूची रचना आणि त्याच्या प्रती : उकलण्यासाठीच बांधलेले कवच

धागाकर्ता : सूक्ष्मदर्शी

विषाणूंविषयीच्या लेखनात एक वाक्य फार वेळा वाचनात येते, ते असे की विषाणू पेशीत शिरतो आणि तेथे एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढत जातो. हे वर्णन जिवाणूला लागू पडते, विषाणूला नाही. जिवाणू अन्न घेतो, मोठा होतो, मधोमध आवळला जातो आणि त्याचे दोन होतात. विषाणूचा कण एकदा तयार झाला की तसूभरही मोठा होत नाही आणि कधीही दुभंगत नाही. त्याच्या प्रती निघतात त्या वेगळ्याच रीतीने, आणि ती रीत समजली की त्याची रचना तशी का आहे हेही आपोआप उलगडते. पाठ्यपुस्तकांत रचना एका प्रकरणात आणि प्रतिनिर्मिती दुसऱ्या प्रकरणात येते. माझ्या मते गैरसमजाचे मूळ या विभागणीत आहे, म्हणून या धाग्यात दोन्हींचा विचार एकत्र करावा असे वाटते.

सुरुवात एका प्रयोगापासून करतो. जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरियोफाज किंवा नुसते फाज म्हणतात. १९३९ साली एमरी एलिस आणि मॅक्स डेलब्रुक यांनी जिवाणूंना एकाच वेळी फाजची बाधा करून ठरावीक अंतराने द्रवातील फाजकणांची मोजणी केली. बराच वेळ आकडा जागचा हलला नाही, आणि मग जिवाणू फुटू लागताच तो एकदम उसळला. पेशीच्या आत या काळात काय चालते हे पाहण्यासाठी पुढे ऑगस्ट डोअरमन यांनी बाधित जिवाणू मुदतीआधीच फोडून पाहिले. बाधेनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आत बाधा करू शकणारा एकही कण सापडला नाही. जो कण आत गेला होता तोही नाहीसा झालेला होता! या अवधीला ग्रहणकाळ म्हणतात. तो संपल्यावर नवे कण दिसू लागतात आणि त्यांची संख्या दुपटीदुपटीने न वाढता साधारण सरळ रेषेत वाढते, जशी जुळणी-कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंची वाढते.

ग्रहणकाळ हीच माझ्या मते विषाणुशास्त्रातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. विषाणू पेशीत गेल्यावर स्वतःला उकलतो, त्याचे सुटे भाग पेशी वेगवेगळे घडवते, आणि मग त्या भागांची नव्याने जुळणी होते. म्हणजे एकाच कणाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा आहेत: पेशीबाहेर तो अभेद्य राहावा आणि पेशीच्या आत, योग्य जागी, सहज उकलावा. विषाणूची सारी रचना या ओढाताणीतून घडलेली आहे.

आता रचनेकडे वळू. प्रत्येक विषाणूच्या गाभ्यात जनुकीय मजकूर असतो, जो डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकाच रसायनात लिहिलेला असतो. त्याभोवती प्रथिनांचे कवच असते, त्याला कॅप्सिड म्हणतात. काही विषाणूंत त्याही बाहेर मेदाचे आवरण असते, आणि ते विषाणूने स्वतः बनवलेले नसते, तर बाहेर पडताना यजमान पेशीच्या पटलातून उचललेले असते. त्या आवरणात खोचलेली काट्यांसारखी प्रथिने मात्र विषाणूच्याच जनुकांवरून घडलेली असतात.

कवच अनेक एकसारख्या तुकड्यांचे का असते, याचे उत्तर फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन यांनी १९५६ साली केवळ हिशेबाने दिले, आणि तो हिशेब इथे मांडण्याचा मोह मला आवरत नाही. प्रथिनातील एका अमिनो आम्लासाठी आरएनएची तीन अक्षरे लागतात. अमिनो आम्लाचे सरासरी वजन सुमारे ११० डाल्टन (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक), तर तीन अक्षरांचे सुमारे १,००० डाल्टन. म्हणजे आरएनएने आपला सगळा मजकूर एकाच प्रथिनावर खर्च केला तरी ते प्रथिन वजनाने आरएनएच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतके भरेल, आणि एवढ्याशा प्रथिनात स्वतःहून नऊपट जड आरएनए झाकला जाणे शक्य नाही. प्रत्यक्षात तंबाखूवरील मोझॅक विषाणूत सुमारे ९५ टक्के वजन प्रथिनाचे आणि ५ टक्के आरएनएचे असते. मार्ग एकच उरतो: लहानसे एकच प्रथिन घडवायचे आणि त्याच्या शेकडो प्रती एकमेकींत बसवायच्या.

या मोझॅक विषाणूचे आकडे पाहिले की हे किती काटकसरीचे आहे ते कळते. त्याची दांडी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड असते. तिच्या कवचाचे प्रथिन १५८ अमिनो आम्लांचे, म्हणजे त्याला ४७४ अक्षरे पुरतात, आणि त्याच्या सुमारे २,१३० प्रती मळसूत्री जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेल्या असतात. प्रत्येक प्रत आरएनएची तीन अक्षरे धरून ठेवते, आणि म्हणून सुमारे ६,४०० अक्षरांचा आरएनए जेवढा लांब, तेवढीच दांडी लांब होते. लांबी मोजणारी वेगळी पट्टी कोणाला लागत नाही.

दुसरी प्रचलित घडण गोलसर दिसणाऱ्या विषाणूंची. ती खरे तर वीस त्रिकोणी पृष्ठांची घनाकृती, म्हणजे विंशतिफलक असते. या आकृतीत ६० तंतोतंत सारख्या जागा मिळतात. पोलिओच्या विषाणूचे सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचे कवच चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींनी बनते. यापेक्षा मोठे कवच हवे असेल तर काही तुकड्यांना किंचित वेगळ्या कोनात बसावे लागते. १९६२ साली डोनाल्ड कॅस्पर आणि एरन क्लुग यांनी दाखवले की कवच कितीही मोठे असले तरी पाचांच्या जुळण्या, म्हणजे पाच तुकडे एकत्र येणाऱ्या जागा, बाराच राहतात आणि भर पडते ती फक्त सहांच्या जुळण्यांची. ही बाराची संख्या लक्षात ठेवावी, कारण चर्चेत ती पुन्हा येईल असे वाटते.

हे तुकडे एकमेकांना पक्क्या रासायनिक बंधांनी शिवलेले नसतात. अनेक दुबळ्या आकर्षणांची बेरीज त्यांना धरून ठेवते. १९५५ साली हाइन्झ फ्रेंकेल-कॉनरॅट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी मोझॅक विषाणूचे प्रथिन आणि आरएनए आधी वेगळे केले आणि परीक्षानळीत पुन्हा एकत्र आणले, तेव्हा बाधा करू शकणाऱ्या दांड्या आपोआप तयार झाल्या. जे दुबळ्या बंधांनी जुळते ते योग्य वेळी सुटूही शकते, आणि विषाणूचे सारे चक्र या एका गुणावर चालते.

सदस्यांनी शंका, दुरुस्त्या आणि भर अवश्य घालावी.

शंकेखोर

लेख दोनदा वाचला. ग्रहणकाळाची माहिती मला नवीन होती. पण आपण ज्या ओढाताणीचा उल्लेख केला तिथेच माझी शंका आहे. जे कवच बाहेर कित्येक दिवस टिकते, ते आत गेल्यावर काही मिनिटांत का उकलावे? दुबळे बंध बाहेरही दुबळेच असणार. कण दोन्हीकडे एकच आहे, मग त्याला आपण आत आल्याचे कळते कसे?

सूक्ष्मदर्शी

शंकेखोर, या शंकेचे उत्तर देण्यासाठीच खरे तर हा धागा काढावासा वाटला.

कणाला काही कळत नाही, पण तो ताणून ठेवलेल्या धनुष्यासारखा असतो. पूर्ण तयार झालेला कण ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत खालच्या पायरीवर बसलेला नसतो. तो मधल्या एका खाचेत अडकवून ठेवलेला असतो, आणि ती खाच सोडवणारी खूण केवळ यजमान पेशीकडेच असते. पोलिओच्या विषाणूसाठी ती खूण म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी१५५ नावाचे ग्राही प्रथिन. कवचावरील खोलगट दरीत हे प्रथिन बसले की कवच किंचित फुगते, आत दडलेले प्रथिनांचे काही भाग बाहेर येऊन पेशीच्या पटलात घुसतात आणि आरएनए त्या वाटेने आत उतरतो.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत खूण आम्लतेची असते. तो पेशीच्या पृष्ठभागावरील सायालिक आम्लाला चिकटतो, पेशी त्याला एका पिशवीत गिळते आणि ती पिशवी आत जाता जाता आम्लधर्मी होत जाते. सामू (पीएच) ५ च्या आसपास आला की काट्यातील हेमॅग्लुटिनिन प्रथिन उलगडते, त्याचे टोक पिशवीच्या पटलात रुतते आणि पुढच्या हालचालीत ते प्रथिन दुमडून दोन्ही पटले एकमेकांजवळ ओढून एकजीव करते. त्याच वेळी आवरणातील एम२ नावाच्या सूक्ष्म मार्गातून आम्लता कणाच्या आतही शिरते आणि आतले अस्तर जनुकांपासून सुटे होते.

आता आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग. हेच हेमॅग्लुटिनिन बनते तेव्हा अखंड असते आणि अखंड असताना ते आम्लात उलगडत नाही. यजमानाच्या एका विकराने (एन्झाइमने) त्याला एका ठरलेल्या जागी कापल्यावरच धनुष्याला प्रत्यंचा चढते. म्हणजे नवा कण घडत असताना त्याची कळ बंद असते आणि जुळणी पूर्ण होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर ती उघडली जाते. जुळण्याची आणि उकलण्याची दिशा अशी वेगळी ठेवली नसती, तर कण जिथे बनतो तिथेच उकलून गेला असता.

रसायनी

उत्तम विषय आणि तितकीच नेटकी मांडणी. दोन गोष्टी नोंदवतो, पहिली दुरुस्ती आणि दुसरी भर.

'कण तयार झाल्यावर तसूभरही मोठा होत नाही' या विधानाला एक तरी ज्ञात अपवाद आहे. आम्लधर्मी गरम झऱ्यात राहणाऱ्या ॲसिडियानस या आर्किया गटातील सूक्ष्मजीवाला ग्रासणारा एक विषाणू २००५ साली वर्णन केला गेला. तो यजमानातून बाहेर पडतो तेव्हा लिंबाच्या आकाराचा असतो आणि नंतर, पेशीबाहेर, केवळ उष्णतेच्या सान्निध्यात त्याला दोन्ही टोकांना लांब शेपट्या फुटतात. अर्थात तेव्हाही तो नवे प्रथिन बनवत नाही. असलेल्याच सामग्रीची फेररचना होते, त्यामुळे आपल्या मूळ मुद्द्याला बाध येत नाही.

भर अशी की कवच आत जाते की बाहेर राहते याबाबत विषाणूंत मोठा फरक आहे आणि वाचकांचा इथे घोटाळा होतो. आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी १९५२ साली टी२ या फाजच्या प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाची आणि डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली, बाधित जिवाणू मिश्रणयंत्रात घुसळून बाहेर चिकटलेले अवशेष वेगळे केले आणि फॉस्फरस मुख्यतः आत, तर गंधक मुख्यतः बाहेर राहिल्याचे दाखवले. जनुकीय मजकूर डीएनएत असतो हे त्यातून ठसले. मात्र हा प्रयोग शिकल्यावर अनेकांची समजूत होते की सर्वच विषाणू कवच बाहेर टाकून केवळ जनुके आत सोडतात. प्राण्यांना बाधा करणारे बहुतेक विषाणू कवचासह आत जातात. एचआयव्हीचे शंकूसारखे कवच तर पेशीद्रव ओलांडून केंद्रकाच्या दारापर्यंत, आणि अलीकडच्या निरीक्षणांनुसार बहुतांशी अखंड अवस्थेत केंद्रकाच्या आतही पोहोचते.

सूक्ष्मदर्शी

रसायनी, दुरुस्ती मान्य आहे आणि तिच्याबद्दल मनापासून आभार. 'बहुतेक विषाणूंत' असे म्हणायला हवे होते. आपण दिलेले उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण वाढ आणि फेररचना यांतला भेद त्याने नेमका दाखवला.

नवा वाचक

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे प्रश्न प्राथमिक असल्यास क्षमा असावी. विषाणूंबद्दल वाचताना 'धन आरएनए' आणि 'ऋण आरएनए' असे शब्द येतात. हा विद्युतभार आहे का? आणि एवढ्या लहान कणाला इतक्या निरनिराळ्या प्रकारांनी मजकूर साठवण्याची गरज काय?

सूक्ष्मदर्शी

प्रश्न प्राथमिक नाही, गाभ्याचा आहे. हा विद्युतभार नव्हे. पेशीतील रायबोसोम हे प्रथिने घडवणारे यंत्र आहे आणि ते केवळ संदेशवाहक आरएनए वाचते. ज्या धाग्यावरचा मजकूर रायबोसोम थेट वाचू शकते तो धन धागा. त्याची अक्षरशः पूरक प्रत, म्हणजे छापखान्यातील ठशासारखी उलटी, तो ऋण धागा. ठसा वाचता येत नाही, पण त्यावरून वाचता येणारी प्रत काढता येते.

डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ साली सर्व विषाणूंची वर्गवारी एकाच निकषावर केली: रायबोसोमला वाचता येईल असा संदेश हा विषाणू कोणत्या वाटेने मिळवतो? कोणाही विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नसल्यामुळे सर्वांना त्याच दाराशी यावे लागते, वाटा मात्र वेगळ्या आहेत. आज त्या सात मानल्या जातात. सातही इथे सांगण्याऐवजी मला एका फरकावर थांबायचे आहे, कारण तिथे रचना आणि प्रतिनिर्मिती एकमेकींना भेटतात.

पोलिओचा आरएनए धन प्रकारचा आणि सुमारे ७,५०० अक्षरांचा. तो पेशीत पोहोचताच रायबोसोम त्याला संदेश समजून वाचू लागते आणि एक प्रदीर्घ प्रथिन तयार होते. त्या प्रथिनात कापणारे विकर अंतर्भूत असतात आणि ते त्याचे तुकडे करतात. त्यातला एक तुकडा कवचाचा, एक तुकडा आरएनएवरून आरएनए उतरवणाऱ्या पॉलिमरेज विकराचा, याप्रमाणे सगळी अवजारे एका पट्टीतून निघतात. इन्फ्लुएन्झाचा किंवा रेबीजचा आरएनए ऋण प्रकारचा. रायबोसोमला तो निरुपयोगी, आणि आरएनएवरून आरएनए उतरवून अशा ठशाचा संदेश बनवील असे विकर आपल्या पेशीत तयार मिळत नाही. म्हणून अशा विषाणूला ते विकर कणातच बांधून बरोबर आणावे लागते. याचा पडताळा प्रयोगातून मिळतो. पोलिओचा शुद्ध केलेला नुसता आरएनए पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होतात. रेबीजचा नुसता आरएनए सोडला तर काहीच घडत नाही. कण कोणती सामग्री बांधून आणतो यावरून तो आत जाऊन काय करणार हे सांगता येते, आणि उलटही.

तिसरी वाट सर्वांत अनपेक्षित निघाली. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की काही विषाणूंच्या कणांत आरएनएवरून डीएनए उतरवणारे विकर असते. एचआयव्ही याच गटातला. त्याच्या आरएनएवरून बनलेला डीएनए आपल्या गुणसूत्रात शिवला जातो आणि त्यापुढे पेशी त्याला स्वतःच्या जनुकाप्रमाणे वागवते. याही विषाणूला ते विकर, आणि शिवणारे दुसरे विकर, कणातून आणावे लागते.

नवा वाचक

ठशाच्या दाखल्यामुळे गोष्ट नीट समजली. मनःपूर्वक धन्यवाद.

पहाटवारा

एक छोटी शंका. ज्या विषाणूला कवचाबाहेर आणखी मेदाचे आवरण असते तो दुहेरी बंदोबस्तामुळे अधिक चिवट असायला हवा. पण साबणाने नष्ट होतात ते नेमके आवरणवालेच, असे वाचले. हे उलटे कसे?

रसायनी

आवरण हा बंदोबस्त नसून प्रवेशाचे साधन आहे, असे पाहिले की उलटे वाटणार नाही. पेशीत शिरण्यासाठी लागणारी काट्यांची प्रथिने त्या मेदपटलात रोवलेली असतात. साबणाने किंवा कोरडेपणाने पटल विस्कटले की आत कवच असले तरी विषाणूला दार उघडता येत नाही. पोलिओ, नोरो यांसारख्या आवरण नसलेल्या विषाणूंत ओळख पटवण्याचे काम कवचच करते, आणि ते पोटातील आम्लालाही दाद देत नाही. अन्नमार्गाने पसरणारे अनेक विषाणू आवरणाविना असतात, त्याचे हे एक कारण.

वनस्पतीवेडा

चर्चा प्राण्यांच्या आणि जिवाणूंच्या विषाणूंभोवती फिरत आहे, म्हणून वनस्पतींच्या बाजूने थोडे लिहितो. विषाणूंचा शोध मुळात तंबाखूच्या पानांवरच लागला. १८९२ साली दिमित्री इवानोव्हस्की यांनी रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला, तरी त्याची बाधकता गेली नाही. १८९८ साली मार्टिनस बेयरिंक यांनी असेच प्रयोग करून, हा घटक केवळ जिवंत, वाढत्या ऊतींतच वाढतो हे ओळखले.

वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची जाड भिंत असते. तिच्यापुढे ग्राही प्रथिन ओळखून आत शिरण्याची युक्ती चालत नाही. त्यामुळे बहुतेक वनस्पती-विषाणू जखमेतून किंवा माव्यासारख्या किडीच्या सोंडेतून आत येतात. एकदा आत आल्यावर भिंत पुन्हा फोडण्याची गरज पडत नाही, कारण शेजारच्या पेशींना जोडणारे जीवद्रव्याचे सूक्ष्म दुवे असतात आणि विषाणूचे एक खास वहन-प्रथिन ते दुवे रुंद करून देते. मोझॅक विषाणू या वाटेने जातो तेव्हा त्याचा आरएनए बहुधा कवचाविनाच पुढच्या पेशीत सरकतो. उकललेल्या अवस्थेतच प्रवास करणे त्याला परवडते, कारण तो पेशींच्या बाहेर येतच नाही.

याहून विलक्षण म्हणजे काही वनस्पती-विषाणूंनी आपला मजकूर वेगवेगळ्या कणांत वाटून ठेवलेला असतो. चवळीवरील मोझॅक विषाणूचे दोन आरएनए दोन वेगळ्या कवचांत असतात आणि दोन्ही प्रकारचे कण एकाच पेशीत पोहोचल्याशिवाय चक्र पूर्ण होत नाही. या व्यवस्थेचा फायदा काय असावा, यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत.

शंकेखोर

वनस्पतीवेडा यांच्या प्रतिसादाने माझ्या मनातले 'एक विषाणू म्हणजे एक कण' हे समीकरणच ढळले. आता आणखी एक विचारतो. आरएनए विषाणू सतत बदलत राहतात असे आपण ऐकतो. हा बदल त्यांना हवा असतो म्हणून होतो, की टाळता येत नाही म्हणून?

सूक्ष्मदर्शी

'हवा असतो' हा शब्दप्रयोग मी टाळेन. आरएनए उतरवणारी बहुतेक विकरे उतरवलेले अक्षर पुन्हा तपासून पाहत नाहीत. साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक होते. सात-दहा हजार अक्षरांच्या मजकुरात याचा अर्थ असा की जवळजवळ प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक असू शकते. बहुतेक चुका निरुपद्रवी किंवा विषाणूलाच घातक असतात. चुकांचे प्रमाण इतके असल्यामुळे मजकुराच्या लांबीवरही मर्यादा पडते, कारण फार लांब मजकूर अशा हाताने उतरवला तर एकही प्रत कामाची राहणार नाही. म्हणूनच आरएनए विषाणूंचे जनुकसंच एकंदरीत आखूड असतात. कोरोना विषाणूंचा सुमारे ३०,००० अक्षरांचा आरएनए एवढा लांब असूनही टिकतो, आणि त्यांच्याकडे चुकीचे अक्षर कापून काढणारे एक स्वतंत्र विकर आहे हा योगायोग नव्हे.

बदलाची दुसरी रीत इन्फ्लुएन्झात दिसते. त्याचा मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीला दोन भिन्न वाणांची बाधा झाली तर जुळणीच्या वेळी तुकड्यांची सरमिसळ होते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू मानवी आणि पक्ष्यांतील वाणांच्या अशाच सरमिसळीतून आले होते. विभागून वाढणाऱ्या जिवाणूत अशी सरमिसळ या प्रकाराने होऊ शकत नाही. सुट्या भागांची जुळणी होते म्हणूनच ती शक्य होते.

कंसातला

मग विषाणू सजीव की निर्जीव? १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी मोझॅक विषाणूचे स्फटिक मिळवले, तेव्हापासून हा वाद आहे. २००३ साली ओळखला गेलेला मिमिव्हायरस तर सुमारे १२ लाख अक्षरजोड्यांचा आहे आणि आधी तो जिवाणूच समजला गेला होता. आपले मत वाचायला आवडेल.

सूक्ष्मदर्शी

या प्रश्नावर स्वतंत्र धागा होईल, म्हणून थोडक्यात लिहितो. कण निर्जीव आहे, आणि ग्रहणकाळातील बाधित पेशी निश्चितच सजीव आहे. 'विषाणू' हे नाव आपण कोणाला देतो, यावर उत्तर ठरते. मिमिव्हायरसकडे एवढा मजकूर असूनही रायबोसोम नाही, आणि तोही अमीबात शिरल्यावर उकलतोच.

पहाटवारा

शेवटचा प्रश्न. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत हे माहीत आहे, आणि आता कारणही कळले: ज्या पेशीभिंतीवर किंवा जिवाणूच्या रायबोसोमवर ती घाव घालतात, ते विषाणूकडे नाहीतच. पण मग विषाणूविरोधी औषधे कुठे घाव घालतात? आणि आपण बाराची संख्या लक्षात ठेवायला सांगितली होती, ती अजून आली नाही.

सूक्ष्मदर्शी

दोन्हींचे उत्तर एकाच विषाणूतून देता येईल. सर्वसाधारणपणे ही औषधे अशा पायरीवर घाव घालतात, जिथे काम विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनाकडे असते. असायक्लोव्हिर हे नागिणीच्या गटातील विषाणूंच्या विकराने सक्रिय केल्यावरच काम करू लागते, त्यामुळे निरोगी पेशींना त्याचा फारसा त्रास होत नाही. ओसेल्टामिव्हिर इन्फ्लुएन्झाच्या न्यूरामिनिडेज या विकराला अडवते, आणि मग तयार झालेले कण ज्या पेशीतून निघाले तिच्याच सायालिक आम्लाला चिकटून राहतात.

एचआयव्हीची गोष्ट आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. तो पेशीच्या पटलातून कोंबासारखा बाहेर पडतो, तेव्हा अपक्व असतो. गॅग नावाच्या लांब प्रथिनाच्या हजारो प्रती आतल्या बाजूने पटलाला चिकटून असतात आणि शंकू अजून बनलेलाच नसतो. बाहेर पडताना किंवा पडल्यानंतर कणातील प्रोटीएज विकर गॅगचे तुकडे करते. त्यातले कवचाचे तुकडे सुटून नव्याने एकत्र येतात आणि आरएनएभोवती शंकू उभा राहतो. हा शंकू बहुतांशी सहांच्या जुळण्यांचा असतो, पण तो बंद होण्यासाठी पाचांच्या जुळण्या बाराच लागतात: रुंद टोकाला सात आणि निमुळत्या टोकाला पाच. विंशतिफलकात त्या समान अंतरावर असतात, इथे विषम, म्हणून गोल होण्याऐवजी शंकू होतो. भूमितीचा नियम मात्र तोच.

प्रोटीएज अडवणारी औषधे दिली की कण बाहेर पडतात, मोजणीत भरतात, परंतु त्यांच्यात शंकू नीट घडत नाही आणि ते बाधा करू शकत नाहीत. २०२२ साली मान्यता मिळालेले लेनाकॅपाव्हिर थेट शंकूच्या तुकड्यांमधल्या सांध्यांत जाऊन बसते. त्याने शंकूचा ताठरपणा बिघडतो, केंद्रकापर्यंतचा प्रवास आणि उकलण्याची वेळ चुकते, आणि पुढच्या पिढीचे शंकूही वेडेवाकडे घडतात. शंकेखोर यांनी सुरुवातीला विचारले होते की बाहेर टिकणारे कवच आत का उकलते. या औषधाची सारी मदार त्याच नाजूक वेळेवर आहे.